काचेमागच्या कुंदाताई

कुंदाताई गुप्ते डोळे मिटून हॉटेल निवडायच्या. हे मी वाक्य सजवायला लिहीत नाही. खरोखर मिटायच्या. समोर संगणकावर परदेशातल्या चार-पाच हॉटेलांची चित्रं उघडी, शेजारी चहा निवत असलेला, आणि बाई चष्मा कपाळावर सरकवून खुर्चीत मागे रेललेल्या. मग ओठ हलू लागायचे.

"उतरलात. बॅग डाव्या हातात. गार वारा आहे. मफलर बॅगेत तळाशी, कारण बायकोने सांगूनही तुम्ही तो वर ठेवलेला नाही. आता रस्ता ओलांडा. थांबा, थांबा. पुढे चढ आहे. तुमचे गुडघे! हे हॉटेल नको."

समोर बसलेले हृदयरोगतज्ज्ञ स्वतःच्या गुडघ्यांकडे असे बघायचे, जणू ते आत्ताच कोणीतरी भर सभेत उघडे पाडले.

आमचं ऑफिस ठाण्याला, नौपाड्यात, एका चष्म्यांच्या दुकानाच्या वर. परदेशात आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात, तिथे आपल्याकडचे डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनियर निबंध वाचायला जातात. त्यांचे व्हिसा, तिकिटं, हॉटेलं हे सगळं आम्ही बघायचो. मी तिथे लागलो तोवर हौशी रंगभूमीवर दोन राजे, बरेच पोलीस इन्स्पेक्टर आणि एकदा प्रेत अशा भूमिका करून चुकलो होतो, आणि पोटासाठी काहीच केलेलं नव्हतं. मालकांनी मला कुंदाताईंपुढे उभं केलं. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"आवाज मोठा आहे," त्या म्हणाल्या. "विमान कंपन्यांशी भांडायला बरा पडेल. बसा, नटवर्य."

तेव्हापासून मी नटवर्य. माझं खरं नाव ऑफिसात फक्त पगाराच्या दिवशी वापरलं जायचं.

बाई ठेंगण्या. खळ दिलेल्या सुती साड्या, आणि केसांत सोनचाफ्याचं एखादं फूल. ते फूल सकाळी केसांत असायचं, दुपारी टेबलावर, आणि संध्याकाळी कुठेच नसायचं. पुढे माझ्या लक्षात आलं, की ते कुठल्यातरी फायलीत जायचं. किती वकिलातींमध्ये आमच्या अर्जांच्या पानांतून चपटा, तपकिरी सोनचाफा पडला असेल, आणि किती गंभीर माणसांनी तो उचलून हुंगला असेल, याचा मी अजूनही कधीकधी विचार करतो. मला ते दृश्य दिसतं. टाय लावलेला एक माणूस, खिडकीबाहेर बर्फ, आणि त्याच्या बोटांत ठाकुर्लीचा चाफा.

ठाकुर्लीचा, कारण बाई राहायच्या ठाकुर्लीला. स्टेशनच्या पूर्वेला जुन्या तीन मजली इमारतीत त्यांचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

नवीन गिऱ्हाईक आलं की त्या पासपोर्ट मागायच्या आधी तीन प्रश्न विचारायच्या. कुठल्या कुशीवर झोपता? स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं? आणि पोचल्यावर पहिला फोन कोणाला करणार? मोठमोठी माणसं या प्रश्नांपुढे गडबडायची. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका नामांकित शल्यविशारदाला स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या भिंतीला आहे हेच आठवेना. बाईंनी त्याला घरी पाठवलं. "बघून या," म्हणाल्या, "मग बुकिंग करू." आणि तो गेला! दुसऱ्या दिवशी येऊन शाळकरी उत्साहाने सांगू लागला, की खिडकीतून टेकडीचा तुकडा दिसतो आणि टेकडीवर चक्क एक गाय होती.

"परक्या गावातली पहिली संध्याकाळ फार वाईट असते हो," बाई मला म्हणाल्या. "भाषण वगैरे होऊन जातं. कोणी ऐकत नसतं. पण खोलीत शिरून दिवा लावला, आणि समोर नुसती भिंत आली, तर माणूस खचतो."

तुम्ही म्हणाल, जगभर माणसं पाठवणाऱ्या या बाई स्वतः कुठे गेल्या नसतील. छे! मालकांनी त्यांना हौसेने सिंगापूरला पाठवलं होतं. आठवडाभर राहून आल्या, आल्याबरोबर टेबलाशी बसल्या. आम्ही सगळे भोवती गोळा. कसं होतं?

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण मी डोळे मिटून पाहिलं होतं, त्यापेक्षा जरा लहान निघालं."

त्यांचं चुकायचंही. एकदा झोपेच्या विकारांवरची परिषद होती, आणि आमच्याकडून डोंबिवली-कल्याणचे डॉक्टर निघाले होते. झोपेचे डॉक्टर म्हणजे कुंदाताईंना पर्वणी. त्यांनी जंगलाच्या कडेचं एक हॉटेल काढलं. काय ती शांतता! पानावर पान पडलं तरी ऐकू यावं. दुसऱ्याच दिवशी तिकडून एका डॉक्टरांचा फोन आला. हे कोपरला रुळांना लागून असलेल्या इमारतीत जन्मले, वाढले, संसाराला लागले.

"कुंदाताई," ते रडवेले होऊन म्हणाले, "अहो, इथे काहीच जात नाही!"

"म्हणजे?"

"खिडकीखालून काही जातच नाही हो! मी रात्रभर कशाची तरी वाट बघत जागा होतो. आता दुपारी झोपेवर बोलायचंय मला."

बाईंनी तिकडच्या मॅनेजरला फोन लावला आणि डॉक्टरांना भटारखान्याच्या वरची, कोणालाही नको असलेली खोली मिळवून दिली. भांड्यांच्या खणखणाटात डॉक्टर बाळासारखे झोपले. त्या दिवसापासून बाईंच्या प्रश्नांत चौथा प्रश्न आला. घरी काय ऐकू येतं?

आणि मग ती तालीम.

ऑफिसच्या एका जुन्या कपाटाची सरकती काच बाईंनी काढून घेतली होती. ती टेबलावर दोन जाडजूड डिरेक्टऱ्यांच्या मध्ये उभी करायची. काचेच्या एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला बाई. चष्मा नाकाच्या टोकाला आला, की कुंदाताई संपून जायच्या आणि तिथे एक अनोळखी, जरा कंटाळलेला, देशोदेशीचा व्हिसा अधिकारी बसायचा. मी आयुष्यभर नाटकं केली, पण इतक्या कमी सामानात इतका संपूर्ण परकायाप्रवेश पाहिला नाही.

"कुठे जाणार? कशासाठी? खर्च कोणाचा?" हे सगळं पटपट व्हायचं. मग अधिकारी थांबायचा. पेन खाली ठेवायचा.

"परत का येणार?"

लोक पाठ केलेलं सांगायचे. फ्लॅट आहे, ठेवी आहेत, कायमची नोकरी आहे.

"फ्लॅट तुमच्यावाचून उभा राहतो," अधिकारी म्हणायचा. "पुढे?"

पुढे माणसं खरं बोलू लागायची, आणि आम्ही सगळे आपापली कामं टाकून कान देऊन बसायचो. कल्याणचे एक बालरोगतज्ज्ञ घामाघूम होऊन म्हणाले, "मॅडम, कढीपत्त्याचं झाड आहे. त्याला माझ्याशिवाय कोणी पाणी घालत नाही." इंजिनियरिंग कॉलेजचे एक प्राध्यापक म्हणाले, "मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि लिफ्टचं काम अर्धवट आहे. मी आलो नाही तर ते म्हणतील पळून गेला." काचेमागून लगेच आवाज आला, "मंजूर!"

एकदा मी एका गटाबरोबर मुंबईला अर्ज भरायच्या केंद्रावर गेलो, आणि विजयी मुद्रेने परत आलो.

"कुंदाताई, तुमचं नाटक बंद करा! तिथे कोणी काही विचारत नाही. एक मुलगी कागद घेते, बोटांचे ठसे घेते, फोटो काढते आणि पुढच्याला हाक मारते. बहुतेक देशांचं असंच आहे."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "मला काय ठाऊक नाही, नटवर्य? मी तुमच्या आधीपासून इथे आहे."

"मग?"

"एवढ्या लांब निघालेल्या माणसाला निघण्याआधी कोणीतरी हे विचारायला नको का?"

आता वन्सं.

वन्सं म्हणजे बाईंची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने दोघी बरोबरीच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत वन्संचे यजमान गेले, आणि त्या ठाकुर्लीला भावाकडे परत आल्या. पुढे भाऊही गेला. राहिल्या या दोघी. या त्यांना 'वन्सं' म्हणायच्या, त्या यांना 'वहिनी'. वन्सं कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, सडपातळ, पाठीला किंचित बाक, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी दोरीला बांधलेलं एक भिंग. त्यांचा जन्म गेला दगडफुलावर. आपण मसाल्यात घालतो तेच ते, आणि त्याची शेकडो भावंडं, झाडांच्या सालींवर पसरलेली, राखाडी, हिरवट, पोपडे धरलेली. मोहन्यापासून टिटवाळ्यापर्यंत एकही म्हातारं झाड असं नव्हतं, की ज्याच्या खोडाला वन्संनी नाक लावलेलं नाही.

"ते फूल नाही आणि झाडही नाही," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "एक बुरशी असते आणि एक शेवाळ. दोघं मिळून एक संसार करतात. त्यात कोण कोणाला सांभाळतं, हे अजून नक्की झालेलं नाही."

मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या वांगी चिरत होत्या.

एका वर्षी बाईंनी मसाला करताना फडताळातली कागदी पुडी उघडली, दगडफूल दिसलं, टाकलं. ती पुडी वन्संनी घाटमाथ्यावरून सबंध हिवाळाभर जमवलेल्या नमुन्यांची निघाली. वन्सं रागावल्या नाहीत. मसाला संपेपर्यंत जेवताना पहिला घास तोंडात ठेवून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, आज भीमाशंकर लागतंय."

तर या वन्संना उत्तरेकडच्या एका देशातून निमंत्रण आलं. देशाचं नाव सांगत नाही. त्यांच्या वकिलातीशी माझे संबंध अजून चांगले आहेत. दगडफुलांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती, आणि तिथल्या म्हाताऱ्या प्राध्यापिकेने आवर्जून लिहिलं होतं, की आपला तरुणपणीचा निबंध आम्ही आजही विद्यार्थ्यांना वाचायला देतो. आपण यावं. निमंत्रण होतं डॉ. सिंधू गुप्ते या नावाने.

आणि पासपोर्ट होता वसुधा राजे या नावाचा.

आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. लग्न झालं, आडनाव बदललं, आणि हौशी सासरच्यांनी पहिलं नावही बदललं. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण तिकडच्यांना हे कसं समजावणार? आडनावाचं ते समजू शकतात. सिंधूची वसुधा कशी झाली? मी इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिलं. ताट, तांदूळ, अंगठी, सगळं. लिहून वाचलं तेव्हा मलाच ते जादूटोण्याचं वाटायला लागलं.

त्या लोकांनी मात्र समजूतदारपणे उत्तर पाठवलं. आम्ही निमंत्रण वसुधा राजे या नावाने नव्याने देतो, म्हणाले. मी ते नाचत बाईंना दाखवलं. बाईंनी घरी नेलं. दुसऱ्या दिवशी वन्सं स्वतः ऑफिसात हजर.

"वसुधा राजेने काहीच शोधलेलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिने वर्गात हजेरी घेतली आणि पेपर तपासले. ज्या मुलीने ती झाडं पाहिली, ती सिंधू गुप्ते. बोलावलंय तिला. ती जाणार असेल तर जाऊ दे, नाहीतर राहू दे."

"अहो वन्सं, नुसतं कागदावरचं नाव..."

"वहिनी, चाळीशीनंतर मला सिंधू म्हणणारं कोणी राहिलेलं नाही. त्या कागदावर आहे तेवढंच."

कुंदाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले. "पासपोर्टच बदलायचा," डोळे उघडून म्हणाल्या. "मूळ नावावर परत. नटवर्य, उठा."

मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव छापून आणणं, वर्तमानपत्रात जाहिरात, सगळी यात्रा सुरू झाली. कल्याणला नोटरीकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, दोन्ही नावांनी ओळखणारं कोणी साक्षीला आणा. माहेरचं कोणी उरलं नव्हतं, आणि बाई त्या घरात सून म्हणून आल्या त्या वन्संच्या लग्नानंतर. बाईंनी शोधून आणलं ते वेणूबाईंना. वेणूबाई म्हणजे गुप्त्यांच्या घरी पिढीजात मासळी देणाऱ्या. आता थकलेल्या, पण आवाज भर बाजारातला.

नोटरीने विचारलं, "पहिलं नाव बदललं याला पुरावा काय?"

"तांदळात लिहिलं होतं," वन्सं म्हणाल्या.

"मग ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला."

नोटरी हसला. "माझ्या बायकोचंही असंच आहे. पण वर मला कागद द्यावा लागतो ना!"

तेवढ्यात वेणूबाई टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकल्या. "ओ सायब, मी होते ना मांडवान! ताटान नाव लिवला, मी बगितला. सगली बोलली वसुदा, वसुदा. ही पोर मातर आपली उबी, कुनाला हाक मारतान तां हिला समजं नाय. लिवा तुमी. ही आमची सिंदू."

वन्सं खिडकीकडे तोंड करून भिंग पुसत राहिल्या. फार वेळ पुसत राहिल्या.

परत येताना बाई रिक्षात मला हळूच म्हणाल्या, "माझंही नाव आधी प्रतिभा होतं."

"काय सांगता! मग तुम्ही..."

"कोणी विचारलं नाही. आणि कुंदा बरं आहे हो. पटकन संपतं."

पासपोर्ट नव्या, म्हणजे जुन्या नावाने आला. मग बाईंनी वन्संचीही तालीम घेतली. सगळं ऑफिस भोवती जमलेलं. मधे काच. कुठे जाणार, कशासाठी, झालं. पेन खाली ठेवलं गेलं.

"परत का येणार?"

वन्सं विचारात पडल्या. खऱ्याच विचारात पडल्या.

"वहिनी, ते मला तिथे गेल्याशिवाय कसं सांगता येईल?"

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.

"मी वहिनी नाही. मी अधिकारी आहे."

"मग अधिकाऱ्यांना सांगा, की सिंधू गुप्ते खोटं बोलत नाही. तिला ठाऊक नाही."

काचेमागचा चेहरा क्षणभर ना अधिकाऱ्याचा राहिला, ना कुंदाताईंचा. त्या म्हाताऱ्या प्राध्यापिकेने पत्रात आणखीही एक ओळ लिहिली होती. आमच्याकडे उष्ण प्रदेशातल्या दगडफुलांचा मोठा संग्रह न लावलेला पडला आहे, आपल्यासारखं कोणी इथे राहून तो लावील तर बरं. ती ओळ बाईंनी वाचली होती. ठाकुर्लीच्या त्या घरात दोन माणसं होती. त्यातलं एक उठून गेलं, तर किती उरतात हे कोणालाही कळत होतं.

"नामंजूर," बाई म्हणाल्या, आणि काच आडवी करून ठेवली. पण दुसऱ्याच मिनिटाला हॉटेलला फोन लावत होत्या.

"मॅडम, फ्रॉम द विंडो, व्हॉट इज देअर? नो, नो, नॉट व्ह्यू. ट्री! विच ट्री? प्लीज, यू गो अँड सी. आय विल होल्ड."

तिकडची बाई खरोखर बाहेर गेली. आम्ही फोनमधून ऐकत होतो. दार उघडल्याचा आवाज, मग समुद्रपक्ष्यांचा कालवा, खडीवरची पावलं, वारा. नौपाड्यातल्या त्या खोलीत, पंख्याखाली, भर दुपारी, एका परक्या गावातला वारा वाहू लागला. मग धापा टाकत ती सांगायला लागली, की झाड मोठं आहे, जुनं आहे आणि त्याच्या सालीवर कसले तरी राखाडी डाग आहेत, त्यासाठी आम्ही दिलगीर आहोत.

"नो सॉरी!" बाई ओरडल्या. "दॅट रूम! ओन्ली दॅट रूम!"

वन्सं गेल्या त्या दिवशी कुंदाताई विमानतळावर गेल्या नाहीत. नेहमीच्या वेळी ऑफिसला आल्या, डोळे मिटून बसल्या. मधूनच म्हणायच्या, "पट्टा बांधला." अर्ध्या तासाने, "खिडकीची जागा शेजारच्या पोराला देऊन टाकली. मला माहीतच होतं." दुपारी जेवताना, "ढग आले. आता त्यांना वाटेल, हे कशावर वाढलंय." आम्ही सगळे मुकाट्याने, जणू त्याच विमानात बसून, भाजी-पोळी खात होतो.

वन्संचं भाषण झालं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी फोन केला आणि सांगितलं, की हॉटेलच्या झाडावर एकट्या उत्तर बाजूलाच सात-आठ जाती आहेत, म्हणून जेवायचं राहून गेलं.

आणि मग त्या परत आल्या. हो, आल्या! बाईंनी पुरणपोळ्या केल्या, ऑफिसात वाटल्या. पण वन्संच्या बॅगेत त्या प्राध्यापिकेचं दुसरं पत्र होतं. पाहुण्या अभ्यासक म्हणून या, राहा, संग्रह लावा. मुदत लांबवता येईल. लांबच्या मुक्कामाच्या त्या परवान्याचा अर्ज इथूनच करायचा असतो, म्हणून वन्सं आल्या होत्या. अर्ज कोण करणार? ठाण्यात आणि पलीकडे कल्याणपर्यंत तो कुंदाताईंसारखा कोणीच करू शकत नव्हतं.

सगळी नोकरीभर बाईंनी एकच गोष्ट सिद्ध केली होती, की हे माणूस परत येईल. आता त्यांना उलटं लिहायचं होतं.

फाईल टेबलावर पडून राहिली. तिच्यावर डबा ठेवला जाऊ लागला. मालक काही बोलत नव्हते, मी बोलत नव्हतो. वन्सं तर कधीच काही विचारत नव्हत्या. त्या म्हणे रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या झाडांपाशी जाऊन उभ्या राहायच्या. अर्ज पोचवायची मुदत जवळ येत होती. एक पान बाजूला सरकवलं असतं, एक सही राहून गेली असती, तर कोणालाही कळलं नसतं. कागदच ते. राहतात कधीकधी.

एक दिवस दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच होतो. बाईंनी मला हाक मारली. काच उभी केलेली होती, पण बाई माझ्या बाजूला, अर्जदाराच्या खुर्चीत बसलेल्या.

"पलीकडे बसा, नटवर्य. मला विचारा."

"काय विचारू?"

"अधिकारी तुम्ही आहात."

मी बसलो. पाच इन्स्पेक्टर आणि दोन राजे केलेला मी, पण मला वाक्य सुचेना. काचेत माझाच चेहरा आणि त्यामागे बाईंचा, एकावर एक.

"कशाला पाठवताय?" मी कसंबसं विचारलं.

बाईंनी हात मांडीवर ठेवले. "तिथे त्यांना सगळे सिंधू म्हणतात. त्या झाडूवाल्या माणसापासून. डॉक्टर नाही, मॅडम नाही. नुसतं सिंधू. वन्सं सांगत होत्या. सांगताना त्यांचा चेहरा..." त्या थांबल्या. "मी या घरात आले तेव्हापासून वन्सं म्हणतेय. वन्सं, चहा झाला. वन्सं, दार लावा. इतकी वर्षं एका छताखाली काढली, साहेब, आणि मी त्यांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. ना हे, ना ते."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुमचं काय?"

"ते तुमच्या कक्षेत येत नाही," बाई म्हणाल्या. चष्मा पुसला, घातला. "मंजूर म्हणा."

मी म्हणालो. माझा तो मोठा आवाज कुठे गेला होता, देव जाणे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाईल पूर्ण झाली. तशी फाईल मी पुन्हा पाहिली नाही. प्रत्येक पान जणू हात धरून पुढच्या पानाकडे नेत होतं. वन्संना परवाना मिळाला, त्या गेल्या. पुढे यथावकाश बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मी तोंडावर हसू ठेवून भाषण केलं, बाईंनी अर्ध्यात हात वर करून ते थांबवलं. "नटवर्य, मागच्यांना ऐकू येतंय. आता बसा."

नंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मागच्या थंडीत, ठाकुर्लीला. एका मित्राकडे जायचं होतं म्हणून सकाळी उतरलो. स्टेशनपासून थोडं पुढे, जुन्या रेल्वे वसाहतीच्या बाजूला एक आडवातिडवा वाढलेला शिरीष आहे. ऊन कोवळं होतं, रस्ता अजून अर्धवट जागा. झाडाखाली एक ठेंगणी बाई टाचा उंचावून उभी होती. तिने हातातला फोन खोडाला जवळजवळ टेकवलेला, आणि ती तो सालीवरून अगदी सावकाश, एखाद्या आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा, वर नेत होती. येणारे-जाणारे बघत होते. कोणीतरी दूधवाला सायकल थांबवून विचारत होता, "काय सापडलं का मावशी?"

मी हाक मारणार होतो. पण फोनमधून पलीकडचा आवाज आला, "जरा डावीकडे, वहिनी," आणि मी जागच्या जागी थांबलो.

कुंदाताईंनी फोन डावीकडे सरकवला. त्यांचे डोळे सताड उघडे होते. सालीच्या एका भेगेत नखाएवढा राखाडी ठिपका होता, त्यावर त्यांनी फोन स्थिर धरला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

"दिसतंय का गं, सिंधू?" त्या म्हणाल्या.

बाई तशाच टाचा उंचावून, उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.